सहा हिवाळ्यांची हवा

चौबे कॉलोनी, रायपूर
१२ नोव्हेंबर २०१८

चि. पराग,

आशीर्वाद पाठवतो आहे. सरकारी पाहुण्यांना चालत असेल तर ठेवून घे.

फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तिसऱ्या वाक्याला आपलं भांडण होतं, आणि मग आई माझ्याच हातातून फोन काढून घेते. कागदाला मधेच तोडता येत नाही.

तू माझ्याच इमारतीची वीज तपासायला येणार, हे मला आईकडून कळलं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ती फाटकाशी उभी राहून शेजारणीला सांगत होती, "माहा पराग येऊन राहिला ना सरकारी बिल्डिंग तपासाले! शालू जिथं काम करते ना, थेच." म्हणजे माझं नाव आलं, पण पत्ता सांगण्यापुरतं. सोनिया तर नाचलीच. माझी पोरगी मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर देते. "पापा, चाचू आपके बॉस बनके आ रहे हैं क्या?" मी म्हटलं, हो बाई, आता काकालाच सलाम ठोकतो.

आडून कशाला लिहू? मी जळलो. चांगलाच जळलो. नवा रायपूरची ती इमारत उभी राहिली तेव्हापासून तिचा एसी प्लांट मी सांभाळतो. तिथला एकेक व्हॉल्व्ह मला ओळखतो. आणि आता तू पुण्याहून चार दिवस येणार, गळ्यात ओळखपत्र घालून फिरणार, आणि मला विचारणार की ही मशीन कशी चालते. ती कशी चालते हे आबांनी आपल्या दोघांना एकाच कूलरवर शिकवलं होतं. तू पुढे इंजिनियर झालास आणि मी आयटीआय, एवढाच फरक.

ये. पण दोन गोष्टी पाळ. तिथे कुणाला सांगू नकोस की आपण भाऊ आहोत. आणि माझ्या प्लांटरूममध्ये चपला बाहेर काढून यायचं, साहेबांनीसुद्धा.

आईने काल सदर बाजारातून तुझ्यासाठी शर्टपीस आणला. निळा आहे. मला काही आणलेलं नाही, हे तुला कळावं म्हणून लिहिलं.

तुझा,
शालिग्राम


पुणे
२० नोव्हेंबर २०१८

ती. दादा,

तुझं पत्र मीनलने मोठ्याने वाचून दाखवलं आणि आम्ही दोघं हसलो. बायकोसमोर माझी अशी हजामत तूच करू शकतोस. ती म्हणाली, निळा शर्टपीस दादांनाच द्या. देतो.

आता कामाचं. मला तुमच्या इमारतीत एक गोष्ट करून पाहायची आहे, आणि तिच्या विचाराने मला झोप लागत नाही. रायपूरला डिसेंबर-जानेवारीत सकाळी बाहेर बारा-पंधरा अंश असतात. तरी तुमच्या काचेच्या इमारतीत आत उकडतं, कारण माणसं, कॉम्प्युटर आणि काचेतून येणारं ऊन. मग तुम्ही काय करता? चिलर लावून पाणी गार करता आणि त्या पाण्याने हवा. गारवा खिडकीबाहेर फुकट उभा आहे आणि आपण वीज जाळून तोच आत तयार करतो! बाहेरची हवा गाळून नुसती आत घेतली, तर दुपारी एकपर्यंत चिलरला हात लावायची गरज नाही. तिकडे अजून कुणी हे केलेलं नाही. जमलं तर मी ते मोठ्या साहेबांच्या बैठकीत मांडणार आहे. दादा, माझ्या नोकरीतलं स्वतःचं म्हणावं असं हे पहिलंच काम असेल.

त्यासाठी मागच्या तीन हिवाळ्यांची लॉगबुकं लागतील. मशीन किती वाजता लागली, पाणी किती अंशावर गेलं, किती अंशावर आलं. माझं सगळं गणित त्यावर उभं राहणार आहे. झेरॉक्स पाठवशील?

तुझा,
पराग


चौबे कॉलोनी
२ डिसेंबर २०१८

पराग,

आधी खरं लिहितो.

तुझी कल्पना वाचून मी प्लांटरूममध्ये एकटाच हसलो आणि मग मला हसू येईना. तेच मी सहा हिवाळे करतो आहे.

पहिल्याच डिसेंबरात मी पाहिलं की सकाळच्या वेळी मशीनला पुरेसं काम नसतं. ती दर दहा मिनिटांनी बंद पडायची आणि परत उठायची. असं करून कोणतीही मशीन मरते. प्रत्येक मजल्यावर हवाखोली आहे, जिथून मोठा पंखा मजलाभर हवा ढकलतो. तिची उत्तरेची खिडकी मी उघडली, बारीक जाळी बसवली, खोलीचं आतलं दार अर्धं लोटलं आणि चिलर बंद केलं. मजला तासाभरात गार झाला. त्या दिवशी कुणाचीही तक्रार आली नाही, आणि मी पाचही मजले फिरून बघितले, कारण मला कुणालातरी सांगावंसं वाटत होतं.

साहेबांना विचारलं होतं रे. ते म्हणाले, "जो टेंडर में लिखा है, वही चलेगा." टेंडरमध्ये लिहिलंय, चिलर साडेनऊ ते साडेपाच चालू. म्हणून मी सकाळी मशीन बंद ठेवतो आणि लॉगबुकात चालू लिहितो. पाणी जाताना सात, येताना बारा. रोज तेच. मी आकडे सांगतो आणि माझ्या जोडीचा ऑपरेटर धर्मपाल लिहितो, कारण त्याचं अक्षर मोत्यासारखं आहे आणि माझं कावळ्याच्या पायांचं. सही त्याची. सहा वर्षांत कुणाला संशय आला नाही, कारण विजेचं बिल एका खोलीत असतं, लॉगबुक दुसऱ्या, आणि त्या दोन खोल्यांची आजवर भेट नाही.

तू लिहितोस, तिकडे अजून कुणी केलेलं नाही. मी केलंय. मला फक्त एवढंच पाहिजे होतं की एक दिवस घरात जेवताना आईने म्हणावं, हे आपल्या शालूनं काढलं. तिने मला आजवर फक्त गॅसचं सिलिंडर बदलल्याबद्दल शाबासकी दिली आहे.

दादा

(हे पत्र पाकिटात घातलं. तिकीटही लावलं. पेटीत टाकलं नाही.)


चौबे कॉलोनी
२ डिसेंबर २०१८

चि. पराग,

तीन हिवाळ्यांची लॉगबुकं झेरॉक्स करून रजिस्टर पार्सलने पाठवली. सगळे आकडे व्यवस्थित आहेत. बाहेर थंडी असते हे कळायला पुण्याची डिग्री लागते, हे नवीनच समजलं. उंटावरून आमच्या शेळ्या चांगल्या दिसत असतील.

आई तुझ्यासाठी सांबारवडीची तयारी करते आहे, कोथिंबीर निवडायला मला बसवलं आहे.

शालिग्राम


पुणे
२६ डिसेंबर २०१८

ती. दादा,

सुखरूप पोचलो. चार दिवस तू मला 'सर' म्हणालास तेव्हा प्रत्येक वेळी मी मागे वळून पाहिलं, दुसरं कुणी आलं का. चपला मात्र मी रोज काढल्या, हे तू पाहिलंस. तुझ्या प्लांटरूमची फरशी आमच्या स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छ आहे. सांबारवडीचा डबा गाडीतच संपला.

पण एका गोष्टीने मी चक्रावलो आहे. तुमचं लॉगबुक म्हणतं, हिवाळ्यात चिलर रोज आठ तास चालतं. मी तिथे होतो तेव्हा ते चाललंही, सकाळभर सारखं बंद-चालू होत. पण मागच्या सगळ्या डिसेंबरांचा मीटर म्हणतो, तितकी वीज जळलेलीच नाही. जवळजवळ अर्धीच. मी गणित तीनदा केलं. बैठक जवळ आली आणि आकडा आकड्याला लागत नाही. हाच कागद घेऊन उभा राहिलो तर माझं हसं होईल.

मीटरवाल्यांनी तपासून सांगितलं, मीटर बरोबर आहे. म्हणजे लॉगबुक खोटं. सगळ्या पानांवर अक्षर आणि सही त्या धर्मपालची आहे. तो सकाळी मशीन लावतच नसणार, बाहेर चहा पीत बसून आकडे भरत असणार. दादा, तुझ्या लक्षात कसं आलं नाही? तुला वाईट वाटेल, पण मला अहवालात त्याचं नाव लिहावं लागेल. तुम्हा ऑपरेटरांचा ठेकेदार त्याला काढेल बहुतेक. तुला काही माहीत असेल तर पंधरवड्यात कळव.

तुझा,
पराग


चौबे कॉलोनी
३ जानेवारी २०१९

पराग,

धर्मपालचं नाव लिहू नकोस. त्याने सहा वर्षांत एकही आकडा स्वतःच्या मनाने लिहिलेला नाही. मी सांगितले ते लिहिले. माझं अक्षर वाईट, एवढाच त्याचा अपराध. त्याच्या घरी दोन पोरी कॉलेजात आहेत, आणि तो चहासुद्धा पीत नाही.

या पाकिटात आणखी एक पत्र घातलं आहे, दोन डिसेंबरचं. ते तेव्हाच टाकायला हवं होतं. ते आधी वाच आणि मग इथून पुढे वाच.

वाचलंस? आता त्यात जे नाही ते सांगतो. लॉगबुक खोटं आहे हे मला माहीत होतं, तरी मी ते तुला पाठवलं. तुझं सगळं गणित त्यावर उभं राहणार हे तू लिहिलं होतंस, म्हणूनच पाठवलं. मला वाटलं, चुकू दे. भर बैठकीत एखादा म्हातारा बाबू उठून विचारू दे की साहेब, तुमचा हिशेब मीटरला का लागत नाही. तुझा चेहरा कसा उतरेल ते मी मनातल्या मनात किती वेळा पाहिलं, तुला सांगत नाही. तू होतास ते चार दिवस मी खिडक्या बंद करून मशीन मुद्दाम चालवली. ती धापा टाकत होती आणि मी तिला तसंच ठेवलं. सहा वर्षांत तिला एवढा त्रास मी कधी दिला नव्हता.

तू लहान होतास तेव्हा मी तुला सायकलवर डबलसीट शाळेत सोडायचो. पुढे तुझे मार्क आले आणि घर तुझ्याभोवती फिरायला लागलं. मी तुझ्यावर जळतो हे मला तीस वर्षं माहीत आहे. पण त्यापायी तुला खड्ड्यात ढकलीन, हे मला माझ्याबद्दल माहीत नव्हतं. आणि ढकलायला गेलो तर धर्मपालच पडत होता.

अहवालात खरं लिही. खोट्या नोंदी शालिग्रामने करवल्या. आणि मशीन बंद ठेवून बाहेरच्या हवेवर इमारत शालिग्रामने चालवली, हेही लिही. दोन्ही लिही, नुसतं पहिलं नको. नोकरी जायची तर जाऊ दे. माझं काम एका कागदावर तरी माझ्या नावाने असू दे.

दादा


चौबे कॉलोनी
१० फेब्रुवारी २०१९

श्री. पराग,

माझ्या पत्राला उत्तर नाही. समजू शकतो, मोठी माणसं कामात असतात.

परवा आमच्याच इमारतीत बैठक झाली तेव्हा मी हॉलमध्येच होतो. तू मला पाहिलं नसशील. हॉलचा एसी सांभाळायला मला मागच्या दारापाशी उभं केलं होतं. पडद्यावर आमचे सहा डिसेंबर आले, मीटरचे आकडे आले, आणि तू म्हणालास, "हमारे अध्ययन में पाया गया कि यह भवन सुबह बाहरी हवा पर चल सकता है." अध्ययनात आढळलं! पावसाने रस्त्यात आणून टाकलेलं असावं तसं तुला ते आढळलं. लॉगबुकाचं विचारलं तेव्हा तू म्हणालास, नोंदी ठरलेल्या नमुन्याप्रमाणे भरल्या जात होत्या. मग शाल आणि श्रीफळ. टाळ्या वाजल्या तेव्हा माझ्या शेजारी धर्मपाल होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हात खिशात घातले. मी मात्र वाजवल्या, कारण सगळे बघत होते.

मुंगी वारूळ बांधते आणि नागोबा राहायला येतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. तो नागोबा आपल्याच घरात वाढला.

नवीन बातमी अशी की पुढच्या महिन्यात मला दोन दिवसांचं प्रशिक्षण आहे. विषय आहे, बाहेरच्या हवेचा वापर. प्रमाणपत्र मिळणार म्हणतात. पेपरातला तुझा फोटो आईने देवघराच्या बाजूला लावला आहे.

शालिग्राम


पुणे
१८ फेब्रुवारी २०१९

ती. दादा,

तुझी सगळी पत्रं टेबलावर आहेत. चौथ्यांदा लिहायला बसलो आहे.

मीनलला मी सांगितलं की दादाची नोकरी वाचवायला त्याचं नाव काढलं. तिने मान डोलावली. खोट्या नोंदींचं नाव लिहिलं असतं तर तुला खरंच काढलं असतं, त्यामुळे कुणालाही पटेल असंच ते आहे. पण तसं नाही, आणि तुझ्याशी मला खोटं बोलवत नाही.

जानेवारीत तुझं पाकीट उघडलं. धर्मपाल सुटला म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. तू मला खड्ड्यात ढकलत होतास म्हणून राग यायला हवा होता. दोन्ही नाही. मला एकच गोष्ट बोचली, की हे तू आधी केलंस. मी दोन वर्षं कॉम्प्युटरवर आलेख काढत होतो आणि तू एका जाळीने आणि अर्ध्या लोटलेल्या दाराने ते करून मोकळा झालास. मी जळलो, दादा. तू तीस वर्षं माझ्यावर जळतोस म्हणतोस. मी त्याच्याही आधीपासून. आबा रेल्वेच्या वर्कशॉपमधून येऊन कूलर खोलायचे तेव्हा पाना तुझ्या हातात द्यायचे आणि मला म्हणायचे, "तू दूर बस पोट्ट्या, अभ्यास कर." तुला वाटतं त्यांनी आपल्याला एकाच कूलरवर शिकवलं. शिकवलं तुला. मी दाराच्या उंबऱ्यावर पुस्तक घेऊन बसायचो. मशीनचा आवाज ऐकून तिचं दुखणं तुला कळतं. मला आकडे पाहावे लागतात.

बैठकीत तुझ्या नावाचं पान तयार होतं. खोट्या नोंदींचा शब्दही न काढता मी ते दाखवू शकलो असतो, 'प्लांट ऑपरेटरच्या अनुभवावरून' एवढं म्हणालो असतो तरी चाललं असतं. बोट त्या पानापर्यंत आलं आणि मी पुढचं पान दाबलं. मागच्या दारापाशी तू उभा आहेस हे मी पाहिलं होतं.

काय करू ते सांग.

पराग


चौबे कॉलोनी
२४ फेब्रुवारी २०१९

पराग,

साहेबांना काही सांगू नकोस. आता सांगितलंस तर तू खोटा पडशील, मी घरी बसेन आणि धर्मपालला चौकशी लागेल. शाल ठेव, नारळ फोड.

आईला सांग. फोनवर नको, इथे येऊन, माझ्यासमोर, तिच्या डोळ्यांकडे बघून सांग. मला बाकी जगाचं काही नको. तिला फक्त कळू दे की हे कुणी केलं.

पाडव्याला ये.

दादा


चौबे कॉलोनी
१४ एप्रिल २०१९

चि. पराग,

पोचल्याचं कळलं. तू आलास आणि शब्द पाळलास. जेवण झाल्यावर आईला खाटेवर बसवून, तिचे पाय चेपत, तू सगळं सांगितलंस. सहा हिवाळे, खिडक्या, जाळी. "आई, माह्यं काहीच नाही त्याच्यात, सारं दादाचं हाय. मी चोरलं," असं तू तिच्या डोळ्यांकडे बघून म्हणालास. मी भिंतीला टेकून उभा होतो. आई तुझ्या डोक्यावरून नुसता हात फिरवत राहिली. तुला वाटलं तिला धक्का बसला. मलाही तसंच वाटलं. मग तुझ्या गाडीची वेळ झाली.

तुला स्टेशनवर सोडून आलो तर ती अजून खाटेवरच बसली होती. डोळे पुसत होती. मी शेजारी बसलो. इतक्या वर्षांनी मी तिच्या अगदी जवळ बसलो असेन. ती म्हणाली,

"पाहिलं ना, कसा पोट्टा हाय माहा? जिंदगीत कधी खोटं बोलला नाही थो. आज बोलला. तुह्यासाठी बोलला. मले काय समजत नाही का रे? खिडक्या उघडून कोनाले शाल भेटते? तुले वाईट वाटून राहिलं होतं, थे त्यानं वळखलं अन् आपलं सारं नाव तुह्या पदरात टाकून गेला. वरून सोताले चोर म्हणून घेतलं. असा भाऊ कोनाले भेटते? अन् तू काहून जळून राहिला रे त्याच्यावर इतके वर्षं? मले काय दिसत नाही का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने हे शेजारणीला सांगितलं, मग वरच्या माळ्यावरच्या भाडेकरूंना, मग भाजीवालीला. सोनिया म्हणते, "चाचू ग्रेट हैं पापा, इतना बड़ा दिल." तू काम घेतलंस तेव्हा मोठा झालास, आणि परत दिलंस तर त्याहून मोठा. तुझ्यापाशी काय जादू आहे, मला सांगून ठेव.

मी तिला तेव्हाच अडवू शकलो असतो. तोंडही उघडलं होतं. धर्मपालला बोलावतो, त्याला विचार, असं म्हणणार होतो. पण मग तिला पटलं असतं की तू खरंच चोरलंस, आणि तो तोंडाशी पदर धरून बसलेला आनंद मी माझ्या हाताने काढून घेतला असता. उभ्या आयुष्यात तिला एवढं खूश मी पाहिलेलं नाही, निदान माझ्यामुळे तर नाहीच.

ती मला विचारत होती, "बोल ना शालू, आहे ना त्याचं मन मोठं?"

मी म्हणालो, "हव, आई."

तुझा,
दादा